धागे मोजणारा माणूस आणि तुमच्या डेटाचे ठसे

समजा, तुमच्या वर्गात 60 जण आहेत. प्रॅक्टिकल जर्नलची 5 एमबीची एक पीडीएफ ग्रुपवर येते आणि साठही जण ती कॉलेजच्या सर्व्हरवर आपापल्या फोल्डरमध्ये टाकून मोकळे होतात. झाले 300 एमबी. आता या सर्व्हरचा रोज रात्री पूर्ण बॅकअप होतो आणि महिनाभराच्या सगळ्या प्रती जपून ठेवल्या जातात, असं धरू. 300 गुणिले 30, म्हणजे 9 जीबी. आणि या 9 जीबीमध्ये खरा मजकूर किती? तोच, 5 एमबी!

आजच्या बऱ्याच बॅकअप यंत्रणा हा वेडेपणा करत नाहीत. त्या 5 एमबी एकदाच ठेवतात आणि बाकी सगळीकडे 'मूळ माल अमुक ठिकाणी आहे' अशी छोटीशी चिठ्ठी लावतात. याला म्हणतात डीडुप्लिकेशन. ऐकायला सोपं आहे, पण यात एक मोठी अडचण आहे. समोर आलेला तुकडा आधी कधी येऊन गेलाय का, हे यंत्राला कळणार कसं? आधीच साठवलेल्या कोट्यवधी तुकड्यांशी एकेक करून ताडून बघायचं म्हटलं, तर एका रात्रीचा बॅकअप पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल.

एकेक न तपासता उत्तर मिळवण्याची युक्ती 1953 मध्ये एका इंजिनिअरने कागदावर मांडली. गंमत म्हणजे तो काही कॉम्प्युटर शिकून आलेला नव्हता. तो आला होता छापखाना आणि कापडधंद्यातून. त्याचं नाव हान्स पीटर लून.

छापखान्यातला मुलगा

लूनचा जन्म 1 जुलै 1896 रोजी जर्मनीतल्या बार्मेन या गावी झाला. हे गाव आता वुपरटाल शहरात सामावलंय. वडील मुद्रक होते आणि मुलाने घरचा छापखाना पुढे चालवावा, असा सरळ हिशोब होता. शाळा संपल्यावर तो स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनला छपाईचं काम शिकायला गेला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि शिक्षण अर्धवट सोडून त्याला जर्मन सैन्यात जावं लागलं. तिथे त्याच्याकडे काम आलं संदेशवहनाचं.

युद्ध संपल्यावर गडी छपाईकडे परतलाच नाही. तो वळला कापडधंद्याकडे. त्याच धंद्याने त्याला 1924 मध्ये अमेरिकेत नेलं आणि तिथे त्याने पहिली नाव काढणारी गोष्ट केली.

कापडाचा दर्जा ठरवताना एका इंचात किती धागे बसतात, हे मोजावं लागतं. त्या काळी हे काम म्हणजे डोळ्याला भिंग लावायचं आणि एकेक धागा मोजत बसायचं. लूनने एक पारदर्शक पट्टी बनवली, तिच्यावर बारीक रेघा ओढलेल्या. ही पट्टी कापडावर ठेवली की पट्टीवरच्या रेघा आणि कापडातले धागे एकमेकांवर येऊन एक नक्षी उमटते. दोन जाळीदार पडदे एकावर एक आले की डोळ्यांपुढे लाटा दिसतात ना, अगदी तशी. ही नक्षी पट्टीवर ज्या आकड्यापाशी दिसेल, तेवढे धागे. मोजणी संपली! या साधनाचं नाव लूनोमीटर. ते पुढे कित्येक दशकं कापडधंद्यात वापरलं गेलं.

हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. लूनचं पुढचं बरंचसं आयुष्य या एकाच गोष्टीभोवती फिरतं. हजार गोष्टी एकेक करून मोजू नका, त्या सगळ्यांमधून एक छोटी खूण उमटेल अशी सोय करा आणि ती खूण वाचा.

रेनकोटपासून कॉकटेलपर्यंत

पुढची काही वर्षं लून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करत होता आणि दिसेल त्या गोष्टीवर पेटंट घेत होता. घडी होणारा रेनकोट, बायकांच्या स्टॉकिंग्जना आकार देणारं यंत्र, खेळाचं टेबल. घरात जे साहित्य असेल त्यातून कोणकोणती कॉकटेल बनतील, हे सांगणारी एक तक्तीही त्याने काढली होती. आयुष्यभरात त्याच्या नावावर 80 हून अधिक पेटंट्स जमा झाली. कॉकटेलची तक्ती हसण्यावारी नेऊ नका. हाताशी काय आहे ते सांगा आणि त्यावरून काय सापडतं ते बघा, हे झालं की सर्च!

1941 मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत, तो आयबीएममध्ये सीनियर रिसर्च इंजिनिअर म्हणून रुजू झाला. तेव्हाची आयबीएम म्हणजे पंच कार्डांची कंपनी. जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून त्यात माहिती भरायची आणि यंत्राने ती कार्डं वेगळी काढायची.

1947 मध्ये जेम्स पेरी आणि माल्कम डायसन हे रसायनशास्त्रातल्या माहितीवर काम करणारे दोघे आयबीएमकडे एक अडचण घेऊन आले. रासायनिक संयुगांची यादी प्रचंड वाढलीय, त्यांची माहिती सांकेतिक रूपात लिहून ठेवलीय, पण हवं ते संयुग त्यातून शोधायचं कसं? हे काम लूनकडे आलं आणि इथून त्याची गाडी माहितीच्या रुळावर आली. साठवणं सोपं, पण साठवलेलं परत सापडणं अवघड, हे त्याला इथे पुरतं उमगलं.

चुकणार, हे धरूनच चला

6 जानेवारी 1954 रोजी त्याने एका छोट्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते मंजूर व्हायला 1960 उजाडलं. हातात मावणारं हे यांत्रिक साधन आकडा बरोबर लिहिलाय की चुकलाय, हे तपासायचं. माणूस लांबलचक नंबर लिहिताना चुकतोच. एखादा अंक बदलतो, नाही तर शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात. लूनचा उपाय असा, की नंबरच्या शेवटी एक जादा अंक लावायचा आणि तो अंक बाकीच्या अंकांमधूनच काढायचा.

करून बघू. नंबर आहे 4527. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करा. 7 चे झाले 14, त्यातले 1 आणि 4 मिळवून 5. 2 तसाच. 5 चे झाले 10, म्हणजे 1. 4 तसाच. बेरीज 5+2+1+4 = 12. पुढचा दहाचा पाढा गाठायला 8 हवेत, म्हणून शेवटचा अंक 8. पूर्ण नंबर झाला 45278. आता घाईत कुणी 45728 लिहिलं, तर बेरीज येते 24. दहाने भाग जात नाही. पकडली चूक!

आज डेबिट आणि क्रेडिट कार्डांवरचा शेवटचा अंक याच रीतीने काढलेला असतो. मोबाइलच्या आयएमईआय क्रमांकाचंही तेच. ऑनलाइन पैसे भरताना कार्डाचा एखादा अंक चुकला की बँकेपर्यंत न जाताच वेबसाइट लाल अक्षरात ओरडते, ते या लून अल्गोरिदमच्या जोरावर. एकच अंक चुकला असेल तर ही रीत तो हमखास पकडते. शेजारचे अंक उलटले तरी पकडते, फक्त 0 आणि 9 यांची अदलाबदल तिच्या हातून निसटते.

बकेटची गोष्ट

आता येऊ मुख्य युक्तीकडे. जानेवारी 1953 मध्ये लूनने आयबीएममधल्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिलं. प्रश्न असा होता, की लाखो नोंदींमधून हवी ती नोंद लगेच कशी काढायची? लूनचं म्हणणं थोडक्यात असं, की नोंद कुठे ठेवायची हे त्या नोंदीलाच ठरवू द्या.

त्याची रीत एका दहा अंकी नंबरवर बघू. घ्या 1234567890. अंकांच्या जोड्या पाडा. 12, 34, 56, 78, 90. प्रत्येक जोडीतल्या अंकांची बेरीज करा. 3, 7, 11, 15, 9. त्यातला फक्त शेवटचा अंक ठेवा. 3, 7, 1, 5, 9. मिळाला 37159. आता 00000 ते 99999 असे एक लाख कप्पे करा, म्हणजे बकेट्स, आणि ही नोंद 37159 नंबरच्या कप्प्यात टाका. उद्या कुणी विचारलं, की हा नंबर तुमच्याकडे आहे का, तर पुन्हा तेच गणित करायचं आणि थेट त्याच कप्प्यात हात घालायचा. बाकीच्या 99,999 कप्प्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. तो कप्पा रिकामा निघाला, तर नंबर आपल्याकडे नाही. विषय संपला.

पण 2143658709 हा नंबर घ्या. जोड्या पाडा, बेरजा करा. उत्तर पुन्हा 37159! दोन वेगळे नंबर, कप्पा एकच. याला कोलिजन म्हणतात. लूनने अशी टक्कर होणार, हे आधीच धरलं होतं. एका कप्प्यात अनेक नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडून ठेवायच्या आणि कप्प्यात पोचल्यावर तेवढ्याच दोन-चार नोंदी नीट ताडून बघायच्या, अशी सोय त्याच्या टिपणात होती. खुणेने फक्त तुम्हाला दारापर्यंत न्यायचं, आत कोण आहे ते मात्र तुम्हीच बघायचं.

डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात हॅशिंग विथ चेनिंग म्हणून मार्कांसाठी जे लिहिता, ते हेच. साधारण त्याच काळात आयबीएममधल्याच जीन अमडाल, एलेन मॅकग्रॉ आणि आर्थर सॅम्युअल यांनी दुसरी वाट काढली, की कप्पा भरलेला असेल तर पुढचा रिकामा कप्पा बघायचा. लूनचं टिपण कंपनीच्या आतलंच राहिलं, त्यामुळे बाहेरच्या जगाला ही कल्पना थोडी उशिरा आणि इतरांच्या लेखांमधून कळली. हॅश म्हणजे बारीक चिरून कालवणं. हे स्वयंपाकघरातलं नावही नंतरच्या काळात छापील लेखांमध्ये रुजलं.

ठशावरून ओळख

आता कॉलेजच्या त्या सर्व्हरचा बॅकअप बघू. बॅकअपचं सॉफ्टवेअर फाइलचे तुकडे पाडतं, त्यांना चंक्स म्हणतात. मग प्रत्येक चंकवर गणित करून एक छोटा ठसा काढतं. लूनचा ठसा पाच अंकांचा होता. आता एसएचए-1 ही पद्धत वापरली तर ठसा 160 बिटांचा असतो आणि एसएचए-256 वापरली तर 256 बिटांचा. हा ठसा यादीत आधीच असेल, तर चंक पुन्हा साठवायचा नाही, नुसती चिठ्ठी लावायची. नसेल तर चंक साठवायचा आणि ठसा यादीत घालायचा. बेल लॅब्जमधल्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी 2002 मध्ये 'व्हेंटी' ही साठवण यंत्रणा मांडली. तिच्यात तर ठसा हाच डेटाचा पत्ता होता. कुठे ठेवायचं हे नोंदीलाच ठरवू द्या, ही लूनची कल्पना जवळपास पन्नास वर्षांनी पूर्ण डिस्कवर पसरली.

तुकडे पाडण्यातही एक मेख आहे. दर 8 केबीला कापायचं ठरवलं आणि तुम्ही प्रोजेक्ट रिपोर्टच्या अगदी सुरुवातीला एक अक्षर वाढवलं, तर पुढचा सगळा मजकूर एका घराने सरकतो. सगळे तुकडे बदलतात, सगळे ठसे नवे, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटतं की अख्खी फाइलच नवी आलीय. यावर उपाय म्हणजे मोजून कापायचं नाही, मजकूर बघून कापायचं. एक छोटी खिडकी मजकुरावरून पुढे सरकवत न्यायची, खिडकीत दिसणाऱ्या मजकुराचा ठसा काढत राहायचा आणि ठशाचे शेवटचे 13 बिट ठरलेल्या नमुन्याशी जुळले की तिथे काप घ्यायचा. असं केलं की तुकडे सरासरी 8 केबीच्या आसपास येतात. मधे एक अक्षर वाढलं तरी फक्त आजूबाजूचा एखादा तुकडा बदलतो, बाकीचे काप जिथल्या तिथे राहतात. खिडकीसोबत सरकणारे असे ठसे झटपट काढायचं गणित मायकेल रॅबिन यांनी 1981 मध्ये मांडलं होतं.

पुढची अडचण यादीची. 8 टीबी वेगवेगळा डेटा 8 केबीच्या तुकड्यांत कापला, तर तुकडे होतात सुमारे 100 कोटी. प्रत्येक ठसा 20 बाइटचा धरला तरी नुसत्या ठशांना 20 जीबी मेमरी हवी. यादी डिस्कवर ठेवली, तर प्रत्येक तुकड्यासाठी डिस्कवर शोधाशोध आणि कामाचा वेग मातीमोल. डेटा डोमेन या कंपनीच्या इंजिनिअरांनी 2008 च्या शोधनिबंधात यावरची तोड सांगितली. हा ठसा नक्कीच नवा आहे, असं झटक्यात सांगणारी एक छोटी गाळणी मेमरीत ठेवायची. आणि जे तुकडे एकत्र आले होते, ते पुढच्या वेळीही बहुधा एकत्रच येतील, म्हणून त्यांचे ठसे एकगठ्ठा आणून ठेवायचे. या उपायांनी त्यांच्या डिस्कच्या 99 टक्के फेऱ्या वाचल्या.

एकच प्रत उरली की

इथपर्यंत सगळं छान. पण डीडुप्लिकेशनमध्ये लूनचा अर्धा धडा विसरायचा मोह होतो. लूनच्या कप्प्यात ठसा जुळला तरी आतली नोंद ताडून बघायची होती. अनेक बॅकअप यंत्रणा मात्र ठसा जुळला की तुकडा तोच, असं मानून पुढे जातात. चुकून दोन वेगळ्या तुकड्यांचा ठसा एक निघाला तर? तुमच्या थीसिसच्या जागी दुसऱ्याच कुणाच्या तरी फाइलचा तुकडा बसेल आणि फाइल परत मागेपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही.

256 बिटांच्या ठशात हे आपोआप घडणं जवळपास अशक्य आहे, कारण शक्य ठशांची संख्या 1 वर 77 शून्यं दिल्यावर येणाऱ्या आकड्याहून मोठी आहे. पण अपघात वेगळा आणि मुद्दाम केलेली करणी वेगळी. 2017 मध्ये अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी मिळून एकच एसएचए-1 ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. त्यानंतर, कुणी मुद्दाम फसवू शकेल अशा ठिकाणी त्या ठशावर डोळे मिटून विसंबायचे दिवस संपले. ज्यांना जोखीम नको, त्या यंत्रणा मोठा ठसा घेतात, नाही तर लूनसारखं दार उघडून आत बघतात. म्हणजे मूळ तुकडा वाचतात आणि बाइट न् बाइट ताडतात. त्यात वेळ जातो, पण खात्री मिळते.

दुसरा धोका आणखी साधा आहे. साठ जणांच्या साठ प्रती होत्या, तेव्हा एक खराब झाली तर 59 उरत होत्या. डीडुप्लिकेशननंतर माल एकच. डिस्कचा तेवढाच कोपरा खराब झाला, तर साठही जणांच्या जर्नलवर पाणी, आणि महिनाभराच्या तिसही बॅकअपवर. म्हणून या यंत्रणा साठवलेले तुकडे अधूनमधून पुन्हा वाचून ठसे तपासतात, डिस्क मोडली तरी डेटा परत जुळवता येईल अशी सोय ठेवतात आणि एक अख्खी प्रत दुसऱ्या जागी पाठवतात. आधी फालतू प्रती काढून टाकायच्या आणि मग विचार करून एक-दोन ठेवायच्या. हा विरोधाभास नाही, हा हिशोब आहे. घरच्या हार्ड डिस्कलाही तो लागू होतो. एकाच डिस्कवर तीन फोल्डरमध्ये ठेवलेले फोटो म्हणजे बॅकअप नव्हे.

शेवटची वर्षं

लून कप्प्यांवर थांबला नाही. 1958 मध्ये त्याने कॉम्प्युटरने लेखाचा सारांश काढायची पद्धत मांडली. लेखात कोणते शब्द वारंवार येतात ते मोजायचं, अतिसामान्य आणि अगदी क्वचित येणारे शब्द सोडायचे आणि उरलेले महत्त्वाचे शब्द ज्या वाक्यांत दाटीने आलेत, ती वाक्यं उचलायची. त्याच वर्षी त्याने, संस्थेत येणारी कागदपत्रं ज्याच्या कामाची असतील त्याच्यापर्यंत आपोआप पोचवणारी यंत्रणा कल्पिली. आणि लेखांच्या शीर्षकांतला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आगेमागच्या शब्दांसकट अकारविल्हे लावणारी क्विक नावाची सूची त्याने चालवून दाखवली. वर्षानुवर्षं माणसांनी करायचं सूचीचं काम यंत्र काही तासांत उरकू लागलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञांच्या हाती 'केमिकल टायटल्स' हे नियतकालिक पडू लागलं, ते याच पद्धतीने बनत होतं.

1961 मध्ये तो आयबीएममधून निवृत्त झाला. 19 ऑगस्ट 1964 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी, ल्युकेमियाने त्याचा मृत्यू झाला. त्या वर्षी तो अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट या माहितीशास्त्राच्या संस्थेचा अध्यक्ष होता. कार्डांना भोकं पाडण्याचा जमाना तेव्हा अजून पुरता सरला नव्हता. टेराबाइट हा शब्दही त्याच्या कानावर पडला नसेल.

कापडाच्या इंचावर असो, कार्डाच्या नंबरवर असो की लाख कप्प्यांत, त्याने दोन गोष्टी कायम सोबत ठेवल्या. एक, सगळं चाळत न बसता छोट्या खुणेवरून शोधायचं. दोन, खूण चुकू शकते, म्हणून तिच्याशेजारी तपासणीची जागा सोडायची. पहिल्या गोष्टीमुळे बॅकअप यंत्रणांची डिस्क वाचते. तुमचा डेटा मात्र दुसऱ्या गोष्टीमुळे वाचतो.